येथे कोड चिकटवू नये

या महिन्याच्या टपालात वेबसाइट सांभाळणाऱ्यांची पत्रं जास्त आली आणि त्यातली बरीचशी एकाच दुखण्याची होती: एडिटरमध्ये, म्हणजे वेबसाइटचा मजकूर जिथे लिहितात त्या चौकटीत, ‘कस्टम एचटीएमएल’, म्हणजे स्वतःचा कोड, कुणाला लिहू द्यायचं, आणि बंद करायचं तर कसं. पहिल्या पत्राला जागा जास्त दिली आहे, कारण त्याच्या उत्तरात इतर काही पत्रांचीही उत्तरं येऊन जातात.

प्रश्न : आमच्या शिक्षण संस्थेच्या चार शाळांची मिळून एक वेबसाइट आहे, वर्डप्रेस या वेबसाइट चालवायच्या सॉफ्टवेअरवर. प्रत्येक शाळेतले दोन-तीन शिक्षक सूचना, निकाल, स्नेहसंमेलनाचे फोटो टाकतात. सोयीसाठी सगळ्यांना ‘एडिटर’ ही भूमिका (कोण काय बदलू शकतो ते ठरवणारा दर्जा) दिली होती. दिवाळीनंतर पालकांच्या तक्रारी सुरू झाल्या की मोबाइलवर शाळेचं पान उघडलं की बेटिंगची साइट येते. आमच्या संगणकावर काहीच दिसेना. शेवटी एका पानात ‘किती जणांनी भेट दिली’ ते दाखवणारा काउंटरचा कोड सापडला, कस्टम एचटीएमएल ब्लॉकमध्ये, तोही काही वर्षांपूर्वी टाकलेला. सचिवांनी फर्मान काढलं, कोड बंद. शिक्षक म्हणतात, मग नकाशा आणि व्हिडिओ कसे लावायचे? मी मध्ये सापडलोय. नक्की काय बंद करू? — संगणक शिक्षक, कोल्हापूर जिल्हा

उत्तर : सर, तो कोड कुणी टाकला ते शोधून कारणे दाखवा नोटीस काढायचा विचार चालू असेल तर आधी तो थांबवा. टाकला त्या दिवशी तो कोड बहुधा निरुपद्रवीच होता. घोळ असा आहे की ‘स्क्रिप्ट’ टॅगमध्ये (टॅग म्हणजे एचटीएमएलमधली कोनी कंसातली खूण) बऱ्याचदा कोड नसतोच, नुसता पत्ता असतो. तुमचं पान कुणी उघडलं की ब्राउझर त्या पत्त्यावर जातो आणि तिथे आज जे ठेवलेलं असेल ते आणून तुमच्या पानात चालवतो. शेजाऱ्याकडे घराची किल्ली ठेवावी, शेजारी घर विकून निघून जावा आणि किल्ली नव्या मालकाच्या हातात राहावी, तसं हे.

२०२४ मध्ये जगभर हेच झालं. जुन्या ब्राउझरना नव्या गोष्टी समजाव्यात म्हणून ‘पॉलिफिल डॉट आयओ’ या पत्त्यावरून एक छोटी स्क्रिप्ट फुकट मिळायची आणि लोकांनी ती वर्षानुवर्षं डोळे झाकून लावली. फेब्रुवारीत तो पत्ता नव्या मालकाकडे गेला. हा प्रकल्प मुळात ज्यांनी सुरू केला त्या अँड्र्यू बेट्स यांनी तेव्हाच जाहीर सांगितलं होतं की ही स्क्रिप्ट आपापल्या साइटवरून ताबडतोब काढा. जूनच्या अखेरीस सॅनसेक या सुरक्षा कंपनीने उघड केलं की त्याच स्क्रिप्टमधून आता मोबाइलवाल्यांना बेटिंगच्या साइटकडे वळवलं जातंय. एक लाखाहून जास्त वेबसाइट्सवर ती लागलेली होती. समोर साइटचा ॲडमिन आहे अशी चाहूल लागली तर ती स्क्रिप्ट गप्प बसायची. तुमच्या शाळेतल्या संगणकावर काही दिसलं नाही, ते बहुतेक अशाच चलाखीमुळे. तपासायचं तर मोबाइल घ्या, शाळेचं वायफाय बंद करा, लॉगिन नसलेल्या ब्राउझरमधून गूगलवर शाळेचं नाव शोधा आणि तिथून आत शिरा. काउंटर काढल्यावरही पालकांचे फोन येत राहिले तर दोष प्लगइनचा (वर्डप्रेसला जोडलेल्या जादा सोयीचा) किंवा थीमचा (साइटचं रूप ठरवणाऱ्या साच्याचा) समजा. विकतची थीम कुणी ‘फुकटात मिळाली’ म्हणून कुठून तरी उतरवली असेल तर सुरुवात तिच्यापासून करा.

आता बंदी. वर्डप्रेसमध्ये ‘अनफिल्टर्ड एचटीएमएल’ नावाची एक परवानगी असते. साध्या, एकट्या साइटवर ती ॲडमिनला असते आणि एडिटरलाही असते. हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं, म्हणून ‘एडिटर म्हणजे काय, मजकूर तपासणारा’ असं समजून ती भूमिका सढळ हाताने वाटली जाते. ऑथर आणि काँट्रिब्युटर यांना ही परवानगी नसते. (एका वर्डप्रेसवर अनेक साइट्स चालवणारी मल्टिसाइट असेल तर ती फक्त सुपर ॲडमिनकडे राहते.) ज्याला परवानगी नाही त्याने ‘सेव्ह’ केलं की मजकूर केएसईएस नावाच्या गाळणीतून जातो. या नावाचा विस्तार ‘केएसईएस स्ट्रिप्स ईव्हिल स्क्रिप्ट्स’, म्हणजे विस्तारातही पहिला शब्द पुन्हा तोच; प्रोग्रामर मंडळींचे विनोद असेच असतात. ही गाळणी वाईट काय ते हुडकत बसत नाही. चालतील अशा टॅगची यादी तिच्याजवळ असते, यादीत नसेल ते जातं. परिच्छेद, मथळे, तक्ते, चित्रं, दुवे राहतात. स्क्रिप्ट, आयफ्रेम (दुसऱ्या साइटचं पान आत दाखवणारी चौकट), स्टाइल, फॉर्म हे टॅग जातात.

म्हणजे तुमचं बरंचसं काम एकाच बदलात होतं: शिक्षकांना एडिटरवरून ऑथरवर आणा. ऑथरला स्वतःची पोस्ट लिहिता येते, फोटो चढवता येतात, प्रसिद्धही करता येतं. दुसऱ्याची पोस्ट आणि ‘पेज’ प्रकारातली पानं यांना हात लावता येत नाही. ती कामं तुमच्याकडे येतील, येऊ देत. शाळेचं ‘आमच्याविषयी’ पान काही रोज बदलत नाही, सूचना मात्र रोज येतात.

याच्या पुढची पायरी म्हणजे डब्ल्यूपी-कॉन्फिग या वर्डप्रेसच्या मांडणीच्या फाइलमधला ‘डिसअलाऊ अनफिल्टर्ड एचटीएमएल’ हा स्थिरांक (रोमन कॅपिटल अक्षरं, शब्दांमध्ये अंडरस्कोर). तो ‘ट्रू’ केला की ॲडमिनसकट सगळ्यांचा मजकूर गाळला जातो. मी म्हणेन, लावाच. पासवर्ड चोरून आत आलेल्याला यामुळे अडवलं जात नाही, कारण ॲडमिनला प्लगइन टाकता येतं आणि प्लगइनमधून काहीही करता येतं. हा इलाज आपल्याच घाईवर आहे. रात्री अकरा वाजता मुख्याध्यापकांचा फोन येतो, ‘एवढा कोड टाका हो’, आणि आपण टाकतो.

पण लावण्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्या. वर्डप्रेसची गाळणी सेव्ह करताना चालते, पान दाखवताना नाही. त्यामुळे आज परवानगी काढली तरी आधीच्या पानांत बसलेला कोड तसाच चालू राहतो. होस्टिंगवाल्याकडून डेटाबेसमध्ये शोध घेऊन कुठल्या पोस्टमध्ये स्क्रिप्ट आणि आयफ्रेम आहेत त्याची यादी काढा आणि एकेक पान हाताने साफ करा. याची दुसरी बाजू जास्त छळते. तुम्ही ॲडमिन म्हणून एखाद्या शिक्षकाच्या पोस्टमध्ये नकाशाचा आयफ्रेम लावला. महिन्याने त्या शिक्षकाने आत जाऊन ‘स्पर्धा’मधली चूक दुरुस्त केली आणि सेव्ह केलं. नकाशा गायब. त्याने नकाशाला बोटही लावलेलं नसतं, पण सेव्ह त्याच्या नावाने झालं म्हणून सगळा मजकूर त्याच्या परवानगीनुसार गाळला गेला. ‘आपोआप गेलं’ असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवा आणि रिव्हिजनमधून (वर्डप्रेस जपून ठेवतं त्या आधीच्या आवृत्त्यांमधून) जुनी प्रत परत आणा. शिवाय गाळणी स्क्रिप्टचा टॅग काढते, आतला मजकूर ठेवते. म्हणून कधीकधी सहलीच्या सूचनेखाली दोन ओळी अगम्य इंग्रजी कंस-स्वल्पविराम दिसतात. तो व्हायरस नाही, टॅग गेल्यावर उरलेलं शेपूट आहे.

ऑथरलाही कस्टम एचटीएमएलचा ब्लॉक यादीत दिसतो, आणि मग तो त्यात कोड टाकून, सेव्ह करून, कोड गेला की तुम्हाला फोन करतो. तो ब्लॉक यादीतून लपवता येतो, वर्डप्रेस ५.८ पासून ‘अलाउड ब्लॉक टाइप्स ऑल’ नावाचा फिल्टर आहे, डेव्हलपरला एवढं नाव सांगितलं तरी पुरेल. मात्र लपवणं म्हणजे सुरक्षा नव्हे. वरच्या तीन ठिपक्यांच्या मेनूत ‘कोड एडिटर’ असतो, तिथे काहीही चिकटवता येतं. एडिटरमध्ये केलेली कुठलीही बंदी ही लिहिणाऱ्याचा गोंधळ टाळण्यापुरती. खरी बंदी सर्व्हरवर.

आता शिक्षकांच्या रागाकडे येते, कारण तो रास्त आहे. कोड कुणाला हौस म्हणून लागत नाही. तुमच्या जुन्या पानांची यादी काढाल तेव्हा बघा, त्यात चार-पाचच गोष्टी पुन्हा पुन्हा असतील. व्हिडिओला कोड लागतच नाही. यूट्यूबचा पत्ता रिकाम्या ओळीवर एकटा चिकटवला की वर्डप्रेस स्वतः चौकट तयार करतं. साठवला जातो फक्त पत्ता, चौकट पान दाखवताना बनते, म्हणून ऑथरलाही हे जमतं. नकाशाचं तसं नाही, वर्डप्रेस ज्या साइट्सची चौकट स्वतः बनवतं त्यांच्या यादीत गूगल मॅप्स नाही. त्यासाठी डेव्हलपरकडून एक शॉर्टकोड (चौकटी कंसातला छोटा शब्द) करून घ्या, ज्यात शिक्षकाने फक्त ठिकाण लिहायचं आणि बाकीची चौकट कोडमध्ये पक्की बसवलेली असेल. चार शाळांचे चारच नकाशे असतील तर तेवढीही गरज नाही. ‘संपर्क’ पानावर एकदा लावा आणि बाकी सगळीकडून तिथे दुवा द्या. प्रवेशाचा फॉर्म कुणीही परस्पर बनवून चिकटवू नये, त्यात मुलांची माहिती असते. तो तुमच्या एकट्याच्या हातात ठेवा. निकालाचे तक्ते एक्सेलमधून उचलून सरळ चिकटवले तरी तक्त्याचा ब्लॉक तयार होतो. राहता राहिली रंगीत अक्षरं, त्यांच्याबद्दल मला सहानुभूती नाही.

फर्मान निघायच्या आधी हे सगळं तयार ठेवून शिक्षकांना अर्धा तास दाखवा, मग भूमिका बदला. उलट क्रमाने केलंत तर पुढच्या आठवड्यात कुणीतरी सचिवांकडून ॲडमिनचा पासवर्ड मिळवलेला असेल.

प्रश्न : मी पीएचपी या प्रोग्रामिंगच्या भाषेत कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी स्वतःचा एडिटर बनवलाय. लोक त्यात बोल्ड, इटॅलिक, चित्रं टाकू शकतात. सुरक्षेसाठी मी मजकुरातून ‘स्क्रिप्ट’ आणि ‘जावास्क्रिप्ट’ हे शब्द स्ट्रिंग रिप्लेसने काढून टाकतो. सर म्हणतात एवढं पुरेसं नाही. का? — अभियांत्रिकीचा विद्यार्थी, पिंपरी

उत्तर : सर बरोबर आहेत. तुझ्या एडिटरमध्ये मी ‘स्क्रिप्ट’ शब्दाच्या बरोबर पोटात आणखी एक ‘स्क्रिप्ट’ लिहीन. तू आतला कापलास की दोन टोकं जुळून बाहेरचा तयार होईल, आणि तो तूच तयार केलेला असेल. किंवा तो शब्दच वापरणार नाही. चित्राचा टॅग लिहीन, चित्राचा पत्ता मुद्दाम चुकीचा देईन आणि ‘ऑन-एरर’ या गुणधर्मात माझा कोड ठेवीन. चित्र उघडलं नाही की कोड चालला.

या विषयावरची सगळ्यात गाजलेली गोष्ट तुझ्या जन्माच्या आसपासची असेल. ऑक्टोबर २००५. मायस्पेस ही समाजमाध्यमाची साइट तेव्हा जोरात होती आणि तिथे प्रत्येकाला आपल्या प्रोफाइलमध्ये एचटीएमएल लिहिता यायचं. मायस्पेसवाल्यांनी तू करतोयस तेच केलं होतं: स्क्रिप्ट टॅग बंद, ‘जावास्क्रिप्ट’ हा शब्द दिसला की कापायचा. सॅमी कामकार या एकोणीस वर्षांच्या मुलाने तो शब्द मध्येच तोडून अर्धा पुढच्या ओळीवर टाकला आणि सीएसएसच्या (पानाची सजावट सांगणाऱ्या भाषेच्या) पार्श्वचित्राच्या पत्त्यात बसवला. गाळणीला शब्द दिसला नाही, काही ब्राउझरना मात्र तो जोडून वाचता आला. त्याचं प्रोफाइल जो बघेल त्याच्या खात्यातून सॅमीला मैत्रीची विनंती जायची, त्याच्या पानावर ‘सॅमी माझा हीरो’ अशा अर्थाची ओळ यायची आणि तोच कोड तिथे चिकटायचा. एका दिवसाच्या आत दहा लाखांहून जास्त विनंत्या. मायस्पेसला काही काळ साइट बंद ठेवावी लागली. सॅमीला पुढे तीन वर्षांची प्रोबेशन झाली. नंतर तो सुरक्षा संशोधक म्हणून नावाजला गेला, तो भाग कॉलेजातली मुलं जरा जास्तच आवडीने सांगतात.

तेव्हा वाईट शब्दांची यादी करू नकोस, ती कधी पूर्ण होत नाही. चांगल्याची यादी कर: हे टॅग, त्यांचे हे गुणधर्म, दुव्यात फक्त एचटीटीपी, एचटीटीपीएस, मेल आणि फोन. आणि हे शब्द शोधून-बदलून करायचं काम नाही. एचटीएमएल नीट उलगडून, त्याचं झाड बनवून, नको त्या फांद्या काढून पुन्हा लिहायचं असतं. पीएचपीसाठी ‘एचटीएमएल प्युरिफायर’ ही तयार लायब्ररी (इतरांनी लिहिलेल्या कोडचा संच) आहे, ती वापर. ब्राउझरच्या बाजूला ‘डॉम-प्युरिफाय’ आहे. शिवाय सर्व्हरवरून ‘कंटेंट सिक्युरिटी पॉलिसी’चा हेडर (कुठला कोड चालवायचा ते ब्राउझरला सांगणारी सूचना) पाठव, म्हणजे गाळणीतून काही निसटलंच तरी ब्राउझर ते चालवायला नकार देईल. स्वतःची गाळणी लिहून शिकता येतं, पण ती लोकांसमोर ठेवू नये.

एक गोष्ट परदेशी धड्यांत सापडणार नाही म्हणून सांगते. यादी करताना ‘लँग’ हा मजकुराची भाषा सांगणारा गुणधर्म ठेव. मजकुरावर ‘एमआर’ (मराठी) अशी खूण असेल तर ज्या फाँटमध्ये सोय आहे तो पाकळीचा ल आणि देठाचा श दाखवतो. राज्य शासनाने २००९ च्या वर्णमालेच्या निर्णयात हीच रूपं घेतली आहेत. खूण गाळलीस तर त्याच फाँटमध्ये हिंदी वळणाची अक्षरं येतात. आणि ‘न दिसणारी अक्षरं धोक्याची’ म्हणून झीरो विड्थ जॉइनर (अक्षरं जोडणारी न दिसणारी खूण) सरसकट उडवू नकोस. कित्येक लोक अर्धा र त्याच्याच आधाराने टाइप करतात. तो गेला की सह्याद्रीच्या डोंगर-दऱ्यांचा दर्या होतो.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाची साइट ड्रुपल या वर्डप्रेससारख्याच सॉफ्टवेअरवर आहे. सगळ्या विभागांना ‘फुल एचटीएमएल’ची (कोणताही टॅग लिहिण्याची) मुभा आहे, कारण सुरुवातीला तशीच दिली गेली. आता ‘बेसिक’वर (मोजक्या टॅगवर) आणायचं आहे, पण शेकडो जुनी पानं बिघडतील अशी भीती वाटते. — ग्रंथपाल व वेबसाइट समन्वयक, नागपूर

उत्तर : वर वर्डप्रेसबद्दल जे लिहिलं त्याच्या नेमकं उलटं ड्रुपलचं आहे, त्यामुळे वर्डप्रेसचा अनुभव असलेल्या माणसाचा सल्ला घेताना सांभाळा. ड्रुपल मजकूर जसाच्या तसा साठवतं आणि दाखवताना गाळतं. प्रत्येक मजकुराबरोबर तो कुठल्या ‘टेक्स्ट फॉरमॅट’मध्ये लिहिला त्याची नोंद असते. फॉरमॅटचे नियम कडक केले की त्या फॉरमॅटमधली सगळी पानं, दहा वर्षांपूर्वीचीसुद्धा, त्या क्षणापासून नव्या नियमाने दिसतात. चुकलं तर नियम मागे घ्या, मूळ मजकूर शाबूत असतो. फक्त दरम्यान कुणी ते पान सीकेएडिटर या ड्रुपलच्या एडिटरमध्ये उघडून सेव्ह केलं तर नाही, कारण नियमात न बसणारं एडिटर उघडतानाच टाकून देतो.

नुसती परवानगी काढून घेतलीत तर वेगळीच अडचण येते. पानं छान दिसत राहतील, पण ज्या विभागाकडे आता फुल एचटीएमएल नाही त्याला स्वतःचंच जुनं पान दुरुस्त करता येणार नाही; चौकट करडी होते आणि परवानगी नसल्याचा निरोप दिसतो. मग विभागप्रमुख तुमच्याकडे येणार.

माझी पद्धत अशी: साइटची एक प्रत करून तिच्यावर खेळा. फुल एचटीएमएल आणि बेसिक यांच्या मधला एक नवा फॉरमॅट बनवा, तुमच्या विभागांना खरोखर लागणाऱ्या तक्ते, मथळे वगैरेंचा. ‘लिमिट अलाउड एचटीएमएल टॅग्ज’ हा फिल्टर त्यात चालू ठेवा. तो ‘स्टाइल’ आणि ‘ऑन’ने सुरू होणारे गुणधर्म कुठल्याही परिस्थितीत ठेवत नाही. व्हिडिओसाठी मीडिया मॉड्यूलमधला ‘रिमोट व्हिडिओ’ द्या, यूट्यूब आणि व्हिमिओ दोन्ही त्यात चालतात. मग डेव्हलपरकडून जुन्या मजकुराचा फॉरमॅट एका झटक्यात बदलून घ्या, बिघडलेली पानं प्रतीवर पाहून घ्या आणि मगच खऱ्या साइटवर करा. साइट अजून ड्रुपल ७ वर असेल तर मात्र यात वेळ घालवू नका. त्या आवृत्तीचा अधिकृत आधार ५ जानेवारी २०२५ ला संपला, आधी स्थलांतर.

प्रश्न : आमच्या मंडळाचा दिवाळी अंक आम्ही वेबसाइटवर काढतो. लेखक आपापला मजकूर स्वतः चिकटवतात. प्रत्येक पानाचा टाइप वेगळा, कुणाचा निळा, कुणाचा भला मोठा. या वर्षी एडिटरमधून अशा सजावटीवर बंदी आणली, तर एका ज्येष्ठ कवींच्या कवितेचं चक्क अर्थहीन इंग्रजी झालं, आणि दुसऱ्या एका कवितेच्या ओळी एकमेकींना चिकटल्या. ते दोघेही रुसले आहेत. — अंकाच्या संपादिका, न्यू जर्सी

उत्तर : ताई, पहिल्या कवींचा रोग मी ओळखते, कारण वेबसाइटच्या धंद्यात यायच्या आधी पुण्यात पेजमेकरवर डीटीपी करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. त्या काळच्या शिवाजी, कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या फाँटमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असायची. फाइलमध्ये खरं तर इंग्रजी अक्षरंच असतात, फाँट लावला की ती मराठी दिसतात. कवींनी जुनी फाइल चिकटवली, तिच्याबरोबर फाँटचं नाव सांगणारा टॅग आला, आणि त्यांच्या संगणकावर तो फाँट असल्यामुळे कविता व्यवस्थित दिसली. तुमच्या बंदीने तो टॅग गेला. खरं म्हणजे ज्यांच्याकडे तो फाँट नाही अशा प्रत्येक वाचकाला, आणि मोबाइलवर तर सगळ्यांनाच, ती कविता पहिल्यापासून अशीच दिसली असती. गूगललाही. तेव्हा बंदी मागे घेऊ नका. त्यांची फाइल मागवून कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये (प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःची जागा असलेल्या पद्धतीत) आणा आणि मूळ कागदाशी ताडून वाचा, कारण जोडाक्षरं आणि रफार तिथे हमखास घसरतात. आणि कवींना फोन करा, ईमेल नको.

दुसऱ्या कवितेचं सोपं आहे. वर्डप्रेसमध्ये कवितेसाठी ‘व्हर्स’ नावाचा ब्लॉक आहे, त्यात ओळी आणि मोकळ्या जागा टंकल्या तशा राहतात. साध्या परिच्छेदात ओळ तोडायची तर शिफ्ट दाबून एंटर. लेखकांना पाठवायच्या सूचनांमध्ये एवढं घाला आणि त्याखाली ‘कंट्रोल-शिफ्ट-व्ही’ने चिकटवा असं लिहा. वर्डमधून साधं चिकटवलं तर कुठल्या कुठल्या मापांचं आणि रंगांचं ओझं सोबत येऊ शकतं; असं चिकटवल्यावर निव्वळ मजकूर येतो.

निळ्या टाइपासाठी सूचना पुरत नाहीत, हे तुम्हीही अनुभवलंय. थीममध्ये ‘थीम डॉट जेसन’ नावाची फाइल असते, तिच्यात मनाचे रंग आणि मनाची मापं बंद करता येतात. मग लेखकासमोर तुम्ही ठरवलेले दोन-तीनच पर्याय येतात. भांडण संपादिकेशी होत नाही, एडिटरशी होतं, आणि तो ऐकून घेत नाही. मात्र अधोरेखन, तिरपा टाइप, अवतरण आणि तळटीप एवढं लेखकांना नक्की द्या. ललित लेखाला तिरपा टाइप लागतो. सगळंच काढून घेतलंत तर लोक शब्दांभोवती तारे आणि डॅश काढत बसतात.

प्रश्न : सार्वजनिक वाचनालयाची वेबसाइट मी सांभाळते. अध्यक्षांचं म्हणणं, संस्थेचा प्रमुख मी, तर ॲडमिनचं लॉगिन माझ्याकडे हवं. शिवाय पहिल्या पानावर सूचनांची सरकती पट्टी हवी, तिचा कोड त्यांच्या पुतण्याने पाठवला आहे. तो चिकटवू का? — ग्रंथालय सहायक, सातारा

उत्तर : ॲडमिनचं लॉगिन देऊन टाका. संस्था त्यांची आहे, आणि उद्या तुम्ही नोकरी सोडलीत तर किल्ल्या कुणाकडे, हा त्यांचा प्रश्न बरोबर आहे. पण दोन लॉगिन द्या. ॲडमिनचं लॉगिन-पासवर्ड पाकिटात घालून, पाकीट बंद करून कार्यालयाच्या कपाटात, आणि त्याची नोंद इतिवृत्तात. रोजच्या वापरासाठी त्यांच्या नावाचं दुसरं, ऑथरचं. त्यावर त्यांचं मनोगत त्यांच्याच नावाने प्रसिद्ध होतं, आणि बहुतेक अध्यक्षांना एवढंच हवं असतं.

पुतण्याचा कोड चिकटवू नका, आधी उघडून वाचा. त्यात बाहेरचा पत्ता असेल तर कोल्हापूरच्या सरांना लिहिलेलं उत्तर त्यांना दाखवा. नुसता ‘मार्की’ हा मजकूर सरकवणारा टॅग असेल तर तो धोक्याचा नाही, पण एचटीएमएलच्या मानकाने तो केव्हाच बाद ठरवलाय. ब्राउझर अजून चालवतात ही त्यांची भलमनसाई. वाचनालयाच्या साइटवर येणाऱ्यांत ज्येष्ठ वाचक किती असतात ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. सरकणारी ओळ वाचता वाचता निघून जाते, तिच्यातल्या दुव्यावर बोट ठेवता येत नाही. आपोआप सुरू होणारा आणि पाच सेकंदांपेक्षा जास्त हलणारा मजकूर थांबवण्याची सोय वाचकाला असलीच पाहिजे, असं सुलभतेचं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूत्रही आहे. त्याऐवजी पहिल्या पानावर वर एक ठळक, स्थिर चौकट ठेवा, एका वेळी एकाच सूचनेची. एकाच दिवशी दोन सूचना आल्या तर त्यातली कुठली लावायची, ते अध्यक्षांना ठरवू द्या.